रविवारी डोकं दुखत नाही

"गाडीला काय काय केलंय?" असं विचारलं की गिऱ्हाईक पहिलं उत्तर देतं, "काहीच न्हाई."

कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्यावर, पस्तीस वर्षं माझं गॅरेज होतं. एवढ्या वर्षांत हे 'काहीच न्हाई' मी इतक्यांदा ऐकलं, की ते कानावर पडलं की आधी चहा सांगायचो आणि मग बॉनेट उघडायचो. आत बघावं तर फिल्टर बाहेरचा, सायलेन्सर बाहेरचा, वायरींना तीन रंगांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, एक नळी कशालाच न जोडता लोंबकळतेय. आणि मालक शेजारी उभा राहून शपथेवर सांगतोय की गाडी शोरूममधून आली तशीच आहे. डॉक्टरकडे गेलेला माणूस निदान कुठं दुखतंय ते तरी खरं सांगतो.

'गॅरेजमधल्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं,' असा दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला. गमती आहेत. पण लिहायला बसलं की मला गमती कमी आणि संताप जास्त आठवतात. त्यातला सगळ्यात मोठा संताप एका लाल गाडीचा आहे. तो बराचसा माझा माझ्यावरच आहे, म्हणून तोच लिहितो.

आधी थोडं शिकवून घेतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात मिसळून जळतात. पेट्रोल मापापेक्षा जास्त झालं की आम्ही म्हणतो, गाडी 'रिच' चालतेय. राहुरीच्या एका डाळिंबवाल्याला मी असं सांगितलं, तर तो खूष झाला. त्याला वाटलं, गाडीचं कौतुक चाललंय. रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. पिन बिघडली की निळी ज्योत पिवळी होऊन भडकते, पातेल्यांची बुडं काळी होतात आणि घरभर वास सुटतो. रिच गाडीचं तेच. पेट्रोल सांडल्यासारखं संपतं, प्लग काजळीनं माखतात, मागून काळा धूर येतो, आणि त्या धुरात विषारी वायू नेहमीच्या कितीतरी पट असतो. त्याला ना रंग, ना वास.

जुन्या काळी हे सोपं होतं. शेवगावचे एक कापूस व्यापारी जीप घेऊन आले होते. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर तीन मिस्त्र्यांकडून उघडून झाला होता, तरी गाडी काळं ओकायची थांबत नव्हती. मी आत बसलो तर डॅशबोर्डखालच्या एका बटणाला शेटजींची कातडी पिशवी लटकलेली. ते बटण चोकचं. थंडीत गाडी चालू करताना तेवढ्यापुरतं ओढायचं, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोल जास्त जातं. पिशवीच्या वजनानं ते बारा महिने ओढलेलंच होतं. मी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. "एवढंच?" शेटजी म्हणाले. त्यांना ते पटलंच नाही. पुढं कळलं, त्यांनी नेवाशाला जाऊन चौथ्यांदा कार्बोरेटर उघडून घेतला.

मग कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या आणि पन्नाशीत मला पुन्हा शाळेत बसावं लागलं. या गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपाला, इंजिनाजवळ, एक सेन्सर असतो. त्याला मी नाक म्हणतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती हवा शिल्लक आहे ते हे नाक हुंगतं आणि कॉम्प्युटरला कळवतं. हवा जास्त उरली, तर पेट्रोल कमी पडतंय, अजून सोड. हवा उरली नाही, तर पेट्रोल जास्त होतंय, हात आखड. नाक खरं सांगतंय तोवर सगळं ठीक. नाकाला कुणी फसवलं तर कॉम्प्युटरएवढं आज्ञाधारक मूर्ख जगात दुसरं नाही.

आता ती लाल गाडी.

प्रसाद आमच्या गावापासून दोन कोसांवर राहणारा, पेरूची बाग असलेला, तिशीच्या आतला पोरगा. बागेत राबणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेड फक्त एक, गाडीचं. जुनी पेट्रोल गाडी घेतली होती आणि तिला नगरला नेऊन काय काय करून आणलं होतं. पुढं भोंग्यासारखा मोठा फिल्टर. इंजिनातून निघणारा कंपनीचा पाइप काढून तिथं चकचकीत नळ्यांचा जुडगा, त्याला ही पोरं हेडर म्हणतात. मागं हात घालता येईल एवढा रुंद सायलेन्सर. गाडी जमिनीपासून चार बोटं खाली उतरवलेली. कंपनीच्या पाइपात धूर निवळणारी एक जाळी असते, ती त्या पाइपाबरोबर भंगारात गेली. याचं त्याला काही वाटलं नव्हतं, कारण आवाज मात्र असा झाला होता की गाडी नदीच्या पुलावर असताना मला गॅरेजमध्ये कळायचं.

त्याची बायको वैशाली बेलापूरला शाळेत विज्ञान शिकवायची. रोज सकाळी प्रसाद तिला या गाडीतून शाळेत सोडायचा आणि परत बागेत यायचा. संध्याकाळी ती दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर तिच्या गाडीतून परत यायची. ही बारीकसारीक माहिती मी आत्ता लिहितोय. तेव्हा ती विचारण्याची मला गरज वाटली नव्हती.

दिवाळीनंतर तो पहिल्यांदा आला. "नाना, एव्हरेज पार पडलंय. पिकअप न्हाई. वास येतोय पेट्रोलचा."

"काय काय केलंय?"

"हे दिसतंय तेवढंच. बाकी काहीच न्हाई."

प्लग काढले, तर चारही कोळशासारखे काळे. गाडी रिच चालतेय हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण स्कॅनर लावला आणि माझं डोकं फिरलं. कॉम्प्युटर म्हणत होता, पेट्रोल कमी पडतंय म्हणून मी सारखं वाढवतोय. प्लग म्हणतायत बुडालो, कॉम्प्युटर म्हणतोय तहान लागलीय. दोघांतलं एक खोटं बोलत होतं. खरा कारागीर असता तर तिथंच थांबला असता आणि नाकाला कोण फसवतंय ते शोधलं असतं. माझ्या गॅरेजात त्या दिवशी उसाच्या हंगामातले चार टेम्पो उभे होते. मी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, प्लग बदलले, सेन्सरही नवा टाकला आणि गाडी दिली.

पंधरा दिवसांत गाडी परत. प्लग पुन्हा काळे. या वेळी मी वायरी उलगडत गेलो, तर इंजिनाच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, काडेपेटीएवढी एक काळी डबी चिकटवलेली.

"हे काय?"

प्रसादनं मान खाली घातली. "पॉवर वाढवायची चिप हाय. ऑनलाइन मागवली हुती."

मी स्क्रू ड्रायव्हरनं डबी फोडली. आत वीज अडवणारा चण्याएवढा एक रेझिस्टर, बाकी पोकळ. ही डबी कॉम्प्युटरला सांगते की बाहेरची हवा बर्फासारखी आहे, गार आणि दाट. मग तो बिचारा जास्त पेट्रोल सोडतो. मी ती डबी प्रसादच्या हातावर ठेवली आणि एवढा ओरडलो की समोरच्या रसवंतीतली माणसं उठून बघायला लागली. त्याला अडाणी म्हणालो, गाडीचा खुनी म्हणालो. तो हातातल्या डबीकडे बघत होता. बरोबर वैशाली होती. 

माझं मन भरलं. चोर सापडला असं मी धरून चाललो. डबी काढली, कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसली, गाडी दिली. जाताना वैशाली माझ्याकडे आली. साडीचा पदर सावरत, शाळेतल्या बाईंसारखी सरळ उभी राहून म्हणाली, "नाना, एक विचारू? या गाडीत बसलं की माझं डोकं दुखतं. मळमळतं."

तिला चौथा महिना होता. प्रसादनं आल्या आल्या पेढे दिले होते, म्हणून मला माहीत होतं.

मी हसलो. "मॅडम, त्याला गाडी काय करणार? पहिली वेळ आहे. होतं असं."

"सासूबाई पण तेच म्हणतात. पण नाना, रविवारी होत नाही. संध्याकाळी मी कुलकर्णीबाईंच्या गाडीतून येते, तेव्हाही होत नाही. फक्त सकाळी, घरून निघाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं. बेलापूर आलं की कमी होतं."

आता हे वाक्य वाचा. पस्तीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकानं मला याच्यापेक्षा चांगली तक्रार सांगितली नाही. कधी होतं, कधी होत नाही, किती वेळ टिकतं, सगळं तिनं उलगडून समोर मांडलं होतं. मिस्त्री आयुष्यभर अशाच तक्रारीची वाट बघत असतो. आणि मी काय केलं? माझ्या डोक्यात बायामाणसाचं दुखणं एका कप्प्यात होतं आणि इंजिन दुसऱ्या. "सकाळी उपाशी निघू नका. खिडकीची काच थोडी उघडी ठेवा," असं म्हणून मी टेम्पोखाली शिरलो.

काच उघडी ठेवा! निम्मा उपाय मीच सांगितला आणि तो कशावरचा आहे हे मला कळलं नाही.

तिनं काच उघडी ठेवलीही. पण जानेवारीत प्रवराकाठाला सकाळी जी थंडी पडते तिच्यात गरोदर बाई किती दिवस उघड्या काचेत बसणार? एका सकाळी धुकं होतं. प्रसादनं काचा वर केल्या आणि हीटर लावला. बेलापूरच्या रस्त्याला, कालव्याच्या अलीकडे, उसाची ट्रॉली पुढं चालली होती. प्रसादनं मला नंतर सांगितलं, "नाना, ट्रॉली दिसत हुती मला. पण ब्रेक दाबायचा हाय हे सुचंना. डोक्यात कापूस भरल्यागत झालं हुतं." अगदी शेवटी त्यानं स्टेअरिंग ओढलं आणि गाडी रस्ता सोडून एकाच्या घासाच्या, म्हणजे जनावरांच्या हिरव्या चाऱ्याच्या, वावरात घुसली. वावर ओलं होतं, गाडी रुतून थांबली. पाणी भरणाऱ्या दोघांनी धावत येऊन दारं उघडली. वैशाली बाहेर आली, दोन पावलं चालली आणि खाली बसली. तिला उठता येईना. त्यातल्या एकानं आपल्या पिकअप टेम्पोतून दोघांना श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं.

साडेनऊला माझा फोन वाजला.

"नाना," प्रसादचा आवाज फाटलेला होता, "डॉक्टर इचारत्यात, बंद खोलीत कोळशाची शेगडी लावून झोपला हुता का. आमच्या घरात शेगडीच न्हाई. काय सांगू मी त्यांना?"

हातातला पाना कुठं ठेवला ते मला आठवत नाही. शेगडीचा वायू आणि रिच गाडीचा वायू एकच. डॉक्टरांना जे पाच मिनिटांत ओळखू आलं ते मला दोन महिने कळलं नव्हतं. आणि मला तर एका बाईनं वेळापत्रकासकट सांगितलं होतं.

"त्यांना सांग, गाडीचा धूर आत येत होता. मिस्त्री म्हणतोय असं सांग."

घरी जाऊन शर्ट बदलताना मी बायकोला, आमच्या सुमनला, सगळं सांगितलं. ती माझ्या तापटपणाला चाळीस वर्षं ओळखून आहे. ती एवढंच म्हणाली, "बाई सांगत होती ना तुम्हाला? आणखी कसं सांगायचं असतं तिनं?"

दवाखान्यात वैशालीच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून तिनं तो बाजूला केला आणि म्हणाली, "नाना, मी म्हटलं होतं, रविवारी होत नाही." आवाजात राग नव्हता. गणित चुकलेल्या मुलाला उत्तर पुन्हा दाखवावं तसं ती बोलली. नर्सनं तिच्यावर ओरडून मास्क परत लावला. मी तिथं उभा राहिलो. 

वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवण्याची मला हौस नाही, म्हणून आधीच सांगतो. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, खणखणीत आवाजाची. पण हे आज सांगता येतं. डॉक्टर त्या दिवशी एवढंच म्हणाले होते की आईचं रक्त लवकर साफ होतं, पोटातल्या बाळाला वेळ लागतो, बघत राहू. प्रत्येक सोनोग्राफीनंतर प्रसादचा मला फोन यायचा, आणि तो येईपर्यंत मला जेवण जायचं नाही. सुमन न विचारता ताट झाकून ठेवायची.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. या वेळी मी ठरवलं, ज्या बाईचं ऐकलं नाही तिच्याच शब्दावर चालायचं. फक्त सकाळी. पहिली पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे इंजिन गार असताना. आणि माझ्याकडे ही गाडी प्रत्येक वेळी कशी आली होती? दोन कोस चालून, तापून. मी दरवेळी तापलेलं इंजिन तपासत होतो. तापलेलं लोखंड फुगतं. त्यात बारीक चीर असेल तर ती फुगून जवळजवळ मिटते. मिस्त्री बघतो तेव्हा काही नसतं, आणि घरी दुसऱ्या सकाळी ती पुन्हा उघडते.

गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सात वाजता प्रसादला बोलावलं, बॉनेट उघडलं आणि त्याला चावी फिरवायला सांगितली. त्या रुंद सायलेन्सरच्या गडगडाटात मी कान इंजिनाच्या मागच्या बाजूला नेला. टिक, टिक, टिक, टिक. पालीनं चुकचुकावं तसा आवाज. हात जवळ नेला तर बोटांवर गरम फुंकर. गाडी बंद केली. हवा मारायचा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबून बसवला आणि हेडरच्या नळ्यांवर साबणाचं पाणी ओतलं. मागच्या अंगाला, जिथं चार नळ्या एकत्र होतात त्याच्या पोटात, फेसाचे बुडबुडे उठले. तिथं एक ओबडधोबड वेल्डिंग होतं आणि त्याच्या कडेनं नखाएवढी चीर.

ती चीर नाकाच्या आधी होती. इथं सगळा उलगडा झाला. इंजिनातून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. धक्क्याला चिरेतून धूर बाहेर फेकला जातो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढं बसलेलं नाक ती हवा हुंगतं आणि कॉम्प्युटरला सांगतं, हवा फार उरलीय, पेट्रोल वाढव. तो वाढवतो. धूर आणखी विषारी होतो. तोच धूर चिरेतून बाहेर पडून बॉनेटच्या मागच्या फटीतून, जिथून गाडीच्या आत हवा घेतली जाते तिथून, सरळ त्या बाईच्या तोंडावर. म्हणजे प्लग खरे बोलत होते. कॉम्प्युटरही आपल्या परीनं खरंच बोलत होता. खोटं बोलत होती ती चीर. आणि प्रसाद.

"हे वेल्डिंग कुणी केलं?"

त्यानं गाडीची चावी खिशात टाकली. मग म्हणाला, "दसऱ्याच्या आसपास बाभळेश्वरच्या अलीकडं स्पीडब्रेकरला खालून घासली हुती. पाइप फुटला. आमच्याकडं नांगराचे फाळ जोडतो त्या माणसाकडून मारून घेतलं वेल्डिंग."

"मी दोन वेळा विचारलं तुला! दोन वेळा! काय काय केलंय म्हणून!"

"सांगनार हुतो नाना."

"मग?"

"तुमी वरडताल म्हनून न्हाई सांगितलं."

मी तोंड उघडलं होतं ते ओरडण्यासाठीच. उघडं तोंड तसंच मिटावं लागलं. समोरच्या रसवंतीतली माणसं त्या दिवशीही बघत होती. मला एकदम जाणवलं की इतकी वर्षं जी माणसं मला खोटं सांगत आली, त्यातली निम्मी तरी माझ्या जिभेला भिऊन सांगत होती. मी नुसता शांतपणे उभा राहिलो असतो तर या पोरानं नोव्हेंबरमध्येच स्पीडब्रेकरचं नाव घेतलं असतं, आणि मी पहिल्याच दिवशी ती जागा बघितली असती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. तो दचकून मागं सरला. त्याला वाटलं, मी मारणार.

पुढचं काम सोपं होतं. नगरच्या भंगार बाजारातून त्याच बनावटीच्या गाडीचा कंपनीचा पाइप मिळाला, आतल्या जाळीसकट शाबूत. हेडर काढून टाकला, मागचा रुंद सायलेन्सर बदलून साधा लावला. सांध्यातून धूर गळू नये म्हणून मधली गास्केट नवी बसवली. भोंग्याचा फिल्टर काढून जुना डबा परत लावला. गाडी पुन्हा वर उचलली. तीन सकाळी गार इंजिनावर साबण ओतून बघितलं, एक बुडबुडा नाही. शेजारच्या पीयूसीवाल्याचं धूर मोजायचं यंत्र आणून त्याची नळी मागच्या सीटवर ठेवली, काचा लावल्या आणि गाडी चालू ठेवली. आकडा शून्यावर. आठवड्यानं प्लग काढले तर फिक्या विटकरी रंगाचे, पुस्तकातल्या चित्रासारखे.

गाडी न्यायला दोघं आली. प्रसादनं चावी फिरवली. गाडी हळूच सुरू झाली, चारचौघांच्या गाडीसारखी. त्याचं तोंड उतरलं. तो माझ्याजवळ येऊन दबल्या आवाजात म्हणाला, "नाना, सगळं झाक झालं. पर मागचा सायलेन्सर तेवढा तो रुंदवाला लावता येईल का? त्याला न्हाई ना काही अडचन? आवाज लई बारीक झालाय हो."

मी आत मोठा श्वास घेतला. देवाशपथ सांगतो, ओरडलो नाही. नुसतं वैशालीकडे बघितलं. तिनंही ऐकलं होतं. सहावा महिना लागलेला, तोंडावर पुन्हा तेज आलेलं. प्रसादला वळसा घालून ती पुढं आली. मला म्हणाली, "नाना, गाडी सकाळपासून बंदच होती ना? गार आहे ना इंजिन?"

"गार आहे."

"मग तुम्ही दोघं बसा आत. काचा वर करा. गाडी चालूच राहू द्या."

"मॅडम, मी यंत्रानं तपासलंय. शून्य आलंय."

"तुम्ही मागच्या वेळीही तपासलं होतं."

 मी मागच्या सीटवर बसलो, प्रसाद पुढं. काचा वर गेल्या. वैशालीनं गॅरेजमधली खुर्ची ओढून गाडीपासून दहा पावलांवर, वाऱ्याच्या बाजूला घेतली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि बसली. रसवंतीतली माणसं हातात ग्लास घेऊन रस्त्याच्या कडेला आली. सुमन डबा घेऊन आली होती, तीही तिच्याशेजारी उभी राहिली. दोघी काहीतरी बोलत होत्या. काच बंद असल्यानं ऐकू येत नव्हतं.

आयुष्यात मी हजारो गाड्या दुरुस्त करून दिल्या. 'मी हात लावलाय, डोळे झाकून जा,' हे माझं ठरलेलं वाक्य होतं. त्या वाक्याच्या भरवशावर माणसं बायकापोरांना घेऊन घाटात गेली. मी स्वतः कधी असा काचा लावून, दुरुस्त केलेल्या गाडीत नुसता बसलो नव्हतो. दहा मिनिटं झाली आणि मला माझ्याच कामाची भीती वाटायला लागली. यंत्रानं शून्य दाखवलं होतं, चीर गेली होती, गास्केट मी स्वतः बसवली होती. तरी कपाळाच्या कोपऱ्यात काही ठणकतंय का, याकडे माझं सगळं लक्ष लागलं होतं. ही भीती त्या पोरीनं दोन महिने, रोज सकाळी, एकटीनं काढली होती. आणि तिच्या पोटात आणखी एक जीव होता.

पुढं प्रसाद आरशातून माझ्याकडे बघत होता. "नाना, तुमाला काही हुतंय का?"

"गप बस. स्वतःकडं बघ."

थोड्या वेळानं वैशाली उठून आली आणि माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केलं. मी काच चार बोटं खाली केली.

"नाना, डोकं दुखतंय का?"

"नाही."

"नीट बघून सांगा."

मी डोळे मिटले. कपाळ, कानशिलं, मान, पोटात काही ढवळतंय का, सगळं एकेक करून तपासलं. घाई केली नाही. मग डोळे उघडून सांगितलं, "नाही, मॅडम. दुखत नाही."

तिनं घड्याळ बघितलं.

"वीस मिनिटं पुरी व्हायला अजून सहा आहेत," ती म्हणाली. "काच वर घ्या."